मुलांच्या भाषा वर्गाबाहेर ठेवून कोडिंग शिकवू नका

प्रति,
संचालक, महाराष्ट्र राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, पुणे;
तसेच बालभारतीच्या पाठ्यपुस्तक समित्यांचे सर्व सदस्य

सप्रेम नमस्कार.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयानं ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केलं, की २०२६-२७ या शैक्षणिक वर्षापासून तिसरीपासूनच्या मुलांना कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संगणकीय विचार यांची ओळख करून दिली जाईल. त्याआधी २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंग आणायचं ठरवलंच होतं. म्हणजे आज ना उद्या आपल्या राज्याची पुस्तकं, शिक्षकांच्या हस्तपुस्तिका आणि प्रशिक्षणाचं साहित्य तुमच्या हातून तयार होणार. ते छापखान्यात जाण्याआधी एक गोष्ट तुमच्या कानावर घालावी, म्हणून हे पत्र. ते उघडपणे लिहिते आहे, कारण माझ्यासारखे अनेक शिक्षक हेच सांगू पाहताहेत आणि आम्हा शिक्षकांच्या बैठकीत, म्हणजे शिक्षण परिषदेत, बोललेलं पुण्यापर्यंत क्वचितच येतं.

मी नंदुरबार जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत आणि आश्रमशाळांत मुलांना संगणक शिकवते. माझी घरची भाषा अहिराणी. माझ्या वर्गातली धडगाव-अक्कलकुव्याकडची मुलं घरी पावरी किंवा भिली बोलतात. बाजारात त्यांना अहिराणी कळते, ऊसतोडीला आईबापांबरोबर गुजरातेत गेलेली मुलं गुजराती शिकून येतात, मोबाइलवरच्या व्हिडिओंनी हिंदी दिली आहे, पुस्तकं मराठीत आहेत आणि संगणक उघडला की समोर इंग्रजी. बारा वर्षांच्या पोराला कुणाशी कोणत्या भाषेत बोलायचं हे सांगावं लागत नाही. मुकादमाशी एक, आजीशी दुसरी, सरांशी तिसरी. ऊसतोडीच्या कोपीवर हीच मुलं आईबापांची दुभाषी असतात. हिशेबाची चिठ्ठी वाचून दाखवतात, उचल किती फिटली ते समजावतात, आणि समोरच्याला ते खरंच कळलं का हे पुन्हा विचारून बघतात.

ही मुलं वर्गात आली की आपली व्यवस्था त्यांच्या नावापुढे काय लिहिते? 'भाषेची अडचण'. माझं सगळं म्हणणं या दोन शब्दांच्या विरोधात आहे. कोडिंग शिकायला लागणारं बरंचसं सामान या मुलांकडे आधीच आहे, आणि ते त्यांच्या भाषांत आणि घरच्या कामांत साठवलेलं आहे. आपण ते दाराबाहेर ठेवायला लावतो आणि मग मूल मागे पडलं म्हणून हळहळतो.

मी वर्गात पाहिलेलं सांगते. स्क्रॅचमध्ये, म्हणजे सूचनांचे ठोकळे जोडून प्रोग्राम बनवायच्या साधनात, तीन मुलींचा एक गट खेळ तयार करत होता. वरून मोहाची फुलं पडतात, खाली टोपली सरकवून ती झेलायची, एक फूल झेललं की एक गुण. कल्पना त्यांचीच. चैत्रात पहाटे उठून मोह वेचायला जाणाऱ्या मुली त्या. खेळ चालू केला तर एक फूल टोपलीत पडलं आणि गुण एकदम वाढतच गेले. स्क्रॅचमध्ये नव्यानं शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हे भोवतं. 'फूल टोपलीला टेकलं असेल तर गुण एकनं वाढव' ही सूचना सतत फिरणाऱ्या आवर्तनात, म्हणजे 'लूप'मध्ये, असते, आणि फूल टेकलेलं राहतं तोवर ती पुन्हापुन्हा पाळली जाते. पुस्तकात याचं उत्तर दोन ओळींत असतं. या मुलींनी ते पुस्तकातून घेतलं नाही. त्या पावरीत तावातावानं भांडल्या. मध्येमध्ये 'इफ', 'फॉरएव्हर', 'स्कोर' हे शब्द ऐकू येत होते, बाकी सगळं पावरी. शेवटी त्यातली एक म्हणाली, आणि हे तिनं माझ्यासाठी मराठीत सांगितलं: आई फूल टोपलीत टाकते तेव्हा ते जमिनीवरून उचललेलं असतं, म्हणून ती तेच फूल दुसऱ्यांदा मोजत नाही, आपलं फूल जागेवरच आहे, म्हणून संगणक त्याला परत परत मोजतोय. मग त्यांनी गुण वाढवल्याबरोबर फूल पुन्हा वर झाडाकडे पाठवणारा ठोकळा जोडला. खेळ बरोबर चालला.

यात एखाद्या संकल्पनेला गावरान उदाहरणाची झालर लावलेली नाही. मोजण्याची अट काय, ती केव्हा खरी असते आणि ती पुन्हा खरी होऊ नये म्हणून काय बदलायला हवं, हा विचार त्या मुलीनं आईच्या कामाच्या ज्ञानातून केला आणि तो घडला पावरीत. अशाच एका तासाला, एका तपासणीच्या वेळी, मुलांना 'मराठीत बोला' असं सांगण्यात आलं. मुलं गप्प झाली. सांगणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, पण त्या तासाला कुठलाच प्रोग्राम पुढे सरकला नाही.

जगात इतरत्र हे लोकांनी अभ्यासून पाहिलं आहे. सायमिंदू दासगुप्ता आणि बेंजामिन माको हिल यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात पाच देशांतल्या स्क्रॅच वापरणाऱ्या नवशिक्यांची तुलना केली. एकाच देशातली काही मुलं ठोकळे आपल्या भाषेत वाचत होती, काही इंग्रजीत. आपल्या भाषेत वाचणारी मुलं नव्या संकल्पना अधिक वेगानं वापरायला लागली. न्यूयॉर्कमध्ये संशोधक आणि द्विभाषिक वर्गांचे शिक्षक यांनी मिळून असे पाठ तयार केले, ज्यांत मुलं स्पॅनिश, इंग्रजी आणि कोड यांच्यात मोकळेपणानं ये-जा करतात आणि शिक्षक ती ये-जा गृहीत धरूनच तास आखतात. आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या शाळांतही मुलं हेच करतात. फक्त ते कुठल्या आराखड्यात लिहिलेलं नाही, म्हणून ते चोरून चाललेलं असल्यासारखं वाटतं.

संगणकशास्त्राचे संशोधक फिलिप ग्वो यांनी २०१८ मध्ये ८६ देशांतल्या, ७४ मातृभाषा बोलणाऱ्या ८४० जणांना विचारलं होतं, की इंग्रजी ही मातृभाषा नसताना प्रोग्रामिंग शिकताना नेमकं काय अडतं. सूचना वाचणं, कोड वाचणं, एकाच वेळी इंग्रजी आणि प्रोग्रामिंग दोन्ही शिकण्याचा ताण, अशा अडचणी लोकांनी सांगितल्या. त्यांच्या मागण्यांतली एक मला फार महत्त्वाची वाटते: उदाहरणं परक्या संस्कृतीत अडकलेली नकोत. ज्या मुलाला बेसबॉलचे नियम ठाऊक नाहीत, त्याला बेसबॉलचे गुण मोजणारा प्रोग्राम दिला तर ते आधी खेळ शिकणार की कोड? आपल्या पुस्तकांत बेसबॉल नसेल, पण लिफ्ट, पिझ्झाचे तुकडे आणि मॉलमधलं बिल सहज येऊन बसतं. तोरणमाळच्या मुलाला यातलं काहीही सवयीचं नाही.

हा प्रश्न बालभारतीला नवा नाही. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' असं वाचायची सोय झाली तेव्हा राज्यभर वादळ उठलं. मंगला नारळीकर गणित समितीच्या अध्यक्ष होत्या आणि त्यांनी ती भूमिका शांतपणे मांडली. त्या निर्णयावर मतं वेगळी असू शकतात. पण समितीनं विचारलेला प्रश्न अगदी योग्य होता: मुलाला अडतंय ते गणित, की गणित ज्या भाषेत सांगितलं ती भाषा? कोडिंगच्या बाबतीत हाच प्रश्न सुरुवातीलाच विचारा, पुस्तकं निघाल्यावर नको.

आता रांगोळीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण माझ्या वर्गात सगळ्यात जास्त गणित रांगोळीतून निघालं आहे. शहाद्याच्या बाजूच्या मुलींना ठिपक्यांची रांगोळी येते. त्या सांगतात, 'सात ते चार'. मधल्या ओळीत सात ठिपके, मग वर आणि खाली दोन्ही बाजूंना दोन ठिपक्यांच्या मधोमध ठिपका देत सहा, पाच, चार. या तीन शब्दांत कुठून सुरू करायचं, कुठे थांबायचं, दर ओळीला कितीनं कमी करायचं आणि तेच दुसऱ्या बाजूला परत करायचं, असं सगळं आलं. मी मुलींना विचारलं, एकूण ठिपके किती? त्यांनी मोजले, सदतीस. मग 'पंधरा ते आठ' किती? ते मोजत बसणं जिवावर येतं. तिथे आवर्तनाची गरज मुलींनाच जाणवली. पंधरापासून सुरू कर, दर फेरीला एक कमी कर, मधली ओळ एकदाच आणि बाकीच्या दोनदा धर. उत्तर एकशे एकोणसत्तर. ज्या मुलीनं हे केलं तिला 'फॉर लूप' म्हणजे काय हे मला सांगावं लागलं नाही. तिला फक्त तो लिहायचा कसा हे दाखवावं लागलं.

रांगोळीचा हा संबंध मी ओढूनताणून जोडत नाही. मद्रास ख्रिश्चन कॉलेजमध्ये गिफ्ट सिरोमनी आणि राणी सिरोमनी यांनी १९७० च्या दशकात तमिळ घरांपुढच्या कोलमच्या, म्हणजे तिथल्या रांगोळीच्या, आकृत्यांवरून चित्रांची व्याकरणं, म्हणजे चित्र रचण्याचे नियम, मांडली. तो संगणकशास्त्राच्या सिद्धान्तातला मान्यता मिळालेला विषय आहे. अमेरिकेत रॉन इग्लॅश यांनी आफ्रिकी वंशाच्या मुलांसाठी केसांच्या घट्ट वेण्यांच्या रचनांवरून संगणकावरची साधनं बनवली. एक पेड घ्यायचा, तो थोडा लहान करायचा, थोडा फिरवायचा, पुढे ठेवायचा आणि हेच पुन्हा करत राहायचं. मुलं स्वतःच्या डोक्यावरच्या वेणीतून आवर्तन आणि भूमितीतली रूपांतरं शिकतात. आमच्या जिल्ह्यात कोतवालिया समाजाची माणसं बांबूच्या पट्ट्या विणतात. दोन वरून, दोन खालून, पुढच्या ओळीत एक घर सरकून. ओळीचा क्रमांक घेऊन चारनं भागा आणि बाकी पाहा, म्हणजे कोणती पट्टी वर येणार ते कळतं. बाकी काढण्याची क्रिया प्रोग्रामिंगमध्ये का लागते, हे मी आजवर याहून चांगलं कुठेच दाखवू शकले नाही.

मराठी शाळेत वृत्तं शिकलेल्या मुलांकडे तर आणखी एक ठेवा आहे. 'यमाताराजभानसलगा' ही अक्षरं आपण पाठ करतो. ओळीनं तीन-तीन अक्षरं उचलली की य, म, त, र, ज, भ, न, स हे आठही गण मिळतात. लघु आणि गुरू असे दोनच पर्याय आणि तीन जागा, म्हणून आठ. शून्य आणि एक यांची तीन स्थानांची मांडणी याहून वेगळी नसते. पिंगलाच्या छंदःशास्त्रात लघु-गुरूंच्या सगळ्या मांडण्या क्रमानं लिहून काढण्याची रीत दिलेली आहे. भुजंगप्रयात म्हणजे 'य' हा गण चार वेळा. हे म्हणायला सांगितलं की मूल तालावर आवर्तन म्हणतं. मराठीचे आणि संगणकाचे शिक्षक मिळून एक तास घेऊ शकतील अशी जागा वेळापत्रकात असती तर किती बरं झालं असतं.

पण इथेच एक धोका आहे आणि तो मला तुमच्यापुढे स्पष्टपणे ठेवायचा आहे. संस्कृतीचा आधार म्हणजे पानाच्या कडेला वारली चित्रांची नक्षी, किंवा 'राजूनं रांगोळी काढली' असं एक वाक्य आणि खाली तोच जुना सराव, असं होता कामा नये. दुसरं म्हणजे, एकाच समाजाची कला सगळ्या राज्यावर लादली तर ती इतरांना तेवढीच परकी असते. आपल्या राज्यात तीन वेगवेगळ्या भाषाकुळांच्या भाषा नांदतात. मराठी, अहिराणी, भिली, बंजारा समाजाची गोरमाटी एका कुळातल्या; गोंडी, माडिया द्रविड; कोरकू ऑस्ट्रो-आशियाई. भामरागडचं माडिया मूल, धारणीचं कोरकू मूल, मालेगावचं उर्दू शाळेतलं मूल आणि बीडच्या तांड्यावरचं गोरमाटी बोलणारं मूल यांना एकच 'लोककलेचा पाठ' देऊन भागणार नाही. उदाहरणं जिल्ह्यानं निवडायला हवीत. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांकडे ते काम द्या आणि त्यात विणणारी, शिवणारी, रांगोळी काढणारी, पाट्यांचा आणि मापांचा हिशेब ठेवणारी गावची माणसं मानधनावर बोलवा. ती वर्गात आली की मुलांना कळतं, की आपल्या आजीला जे येतं ते शाळेला हवं आहे.

भाषेच्या बाबतीत माझी मागणी लोकांना वाटते तितकी मोठी नाही. 'इफ', 'फॉर', 'प्रिंट' यांना अवघड संस्कृत प्रतिशब्द घडवून मुलांना पाठ करायला लावा, असं मी मुळीच म्हणत नाही. ते ओझं दुप्पट होईल. पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेतले ते मोजके शब्द इंग्रजीतच राहू द्यावेत; मुलं ते क्रिकेटच्या शब्दांसारखे सहज उचलतात. पण त्यांच्याभोवतीचं सगळं बोलणं मुलांच्या भाषांत होऊ द्या. अट समजावताना मी अहिराणीत म्हणते, 'पाऊस उना ते घर जासूत, नही ते खेयसूत' (पाऊस आला तर घरी जाऊ, नाही तर खेळू), आणि मुलं लगेच आपापल्या भाषेत तशीच वाक्यं रचतात. आधी वाक्य, मग ठोकळे, मग टंकलेला कोड. कोडमधल्या टिपा मुलांनी हव्या त्या भाषेत लिहाव्यात. चलांची, म्हणजे प्रोग्राममध्ये माहिती साठवायच्या जागांची, नावंही. पायथॉनची तिसरी आवृत्ती २००८ मध्ये आली, तेव्हापासून चलाला देवनागरीत नाव देता येतं. 'मोह', 'टोपली', 'मजुरी' अशी नावं असलेला प्रोग्राम अगदी बिनचूक चालतो. पुष्कळ शिक्षकांना हे माहीत नसतं, कारण कुठल्याही प्रशिक्षणात ते सांगितलेलं नाही.

देवनागरीबद्दल आणखी थोडं लिहिते, कारण इथे आपली लिपी मुलांना अशा ठिकाणी नेते जिथे इंग्रजीत शिकणारं मूल सहसा पोहोचत नाही. पायथॉनला 'नमस्ते' या शब्दाची लांबी विचारा. मुलं म्हणतात तीन: न, म, स्ते. संगणक म्हणतो सहा. का? कारण तो न, म, स, पाय मोडल्याची खूण, त आणि मात्रा असं सुटं सुटं मोजतो. हाच शब्द उलटा करायला सांगितला तर सुरुवातीलाच अधांतरी मात्रा येते आणि 'स्त'चा 'त्स' होतो. वर्गात एकच गलका होतो. अक्षर म्हणजे काय, आपण ज्याला अक्षर म्हणतो ते यंत्राला कसं दिसतं, ते कुणी ठरवलं, असे प्रश्न मुलं स्वतःहून विचारतात. मग मी त्यांना युनिकोडबद्दल सांगते, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक खुणेला संगणकात क्रमांक देणाऱ्या पद्धतीबद्दल. आपल्या 'ॲ'ला त्यात स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली. गोंडीसाठीच्या दोन लिप्या अनुक्रमे २०१७ आणि २०१८ मध्ये आल्या: एक बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी घडवलेली, दुसरी तेलंगणातल्या गुंजाळा गावातल्या हस्तलिखितांत सापडलेली. म्हणजे संगणकात काय असावं हे माणसं ठरवतात, आणि मागणी केली तर त्यात भर पडते. हे कळलेलं मूल पडद्याकडे वेगळ्या नजरेनं बघतं. हा पाठ पुस्तकात घ्या अशी माझी कळकळीची विनंती आहे. तो सगळ्या माध्यमांच्या पुस्तकांत चालेल. उर्दू आणि कन्नड लिपीतही असेच प्रश्न निघतील.

चुकांचे संदेश ही दुसरी अडचण. प्रोग्राम अडला की पडद्यावर इंग्रजी वाक्य येतं आणि मूल हात आखडून बसतं. आम्ही वर्गाच्या भिंतीवर एक तक्ता लावला. नेहमी येणारा संदेश, त्याचा अर्थ मुलांनी आपल्या भाषेत लिहिलेला, आणि काय तपासायचं ते. तो तक्ता वाढत जातो. मुलं त्यातून इंग्रजीही शिकतात, आणि ते इंग्रजी त्यांच्या कामाचं असतं.

पालकांबद्दल बोलायलाच हवं. आमच्याकडचे पालकही म्हणतात, 'मॅडम, इंग्रजीतूनच शिकवा.' त्यांचं म्हणणं मी हलकं मानत नाही. नोकरीच्या मुलाखती इंग्रजीत होतात, प्रोग्रामिंगची बहुतेक माहिती इंग्रजीत आहे, आणि इंग्रजी न आल्यामुळे माणसाला काय सोसावं लागतं हे त्यांनी अंगावर झेललं आहे. त्यांच्या मुलांना इंग्रजी मिळालंच पाहिजे, आणि उत्तम मिळालं पाहिजे. पण संकल्पना कळण्याआधीच इंग्रजी पुढे उभं केलं की मूल संकल्पनाही गमावतं आणि इंग्रजीही. ज्या मुलीनं रांगोळीचं आवर्तन आधी अहिराणीत समजून घेतलं, ती पुढे त्याचं इंग्रजी स्पष्टीकरण वाचते तेव्हा तिला अर्थ आधीच ठाऊक असतो. फक्त शब्द ओळखायचे उरतात. पालकसभेत मी हे मुलांनाच करून दाखवायला लावते. मूल आपल्या आईला घरच्या भाषेत प्रोग्राम समजावतं आणि आईला तो कळतो. त्यानंतर माध्यमाचा प्रश्न पुष्कळ वेळा निघतच नाही.

गोव्यात हीच गोष्ट जरा वेगळ्या रूपात दिसते. तिथे सरकारी शाळांत चौथीपर्यंत मराठी किंवा कोंकणी, पाचवीपासून माध्यम इंग्रजी, आणि सहावी ते आठवीला सरकारनं कोडिंग व रोबोटिक्सची योजना आणली आहे. म्हणजे भाषा बदलल्यावर लगेचच कोडिंग येतं. ज्या वयात मूल दोन भाषांमध्ये उभं असतं नेमक्या त्याच वयात. गोव्यातल्या शिक्षकांशी तुम्ही बोललात तर दोन्ही राज्यांचा फायदा होईल.

आपल्या राज्यात २०२५ च्या एप्रिल ते जूनमध्ये पहिलीपासून तिसऱ्या भाषेवरून जो वाद झाला तो आपण सगळ्यांनी पाहिला. २९ जूनला ते शासन निर्णय मागे घेतले गेले. त्या सगळ्या चर्चेत मुलांना कोणती भाषा द्यायची एवढंच बोललं गेलं. मुलं घरून कोणत्या भाषा घेऊन येतात, त्यांचं शाळा काय करते, हे फार थोड्यांनी विचारलं. २०२० च्या धोरणात तर दोन्ही गोष्टी आहेत: शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत, आणि शक्यतो आठवीपर्यंत व पुढेही, घरच्या भाषेतून शिक्षण, आणि सहावी ते आठवीला कोडिंग. एकाच दस्तऐवजातल्या या दोन कलमांची गाठ घालून देणं हे आता तुमच्या हातात आहे. शिक्षण हक्क कायद्याचं एकोणतिसावं कलमही व्यवहार्य असेल तिथे मातृभाषेतून शिकवा असंच सांगतं. त्याला संगणकाचा तास अपवाद केलेला नाही.

यासाठी फार पैसा लागत नाही. हस्तपुस्तिकेत एक स्पष्ट वाक्य हवं: गटकामात, कोडमधल्या टिपांत, नावांत आणि तोंडी परीक्षेत मूल कोणतीही भाषा किंवा भाषांचं मिश्रण वापरू शकेल आणि त्यासाठी गुण कापले जाणार नाहीत. हे वाक्य छापलेलं असलं की माझ्यासारख्या शिक्षिकेला तपासणीच्या वेळी दाखवायला आधार मिळतो. मूल्यमापनात इंग्रजी शब्दांचं स्पेलिंग तपासू नका. प्रोग्राम काय करतो हे मुलाला सांगता येतं का आणि तो बिघडला तर दुरुस्त करता येतो का, ते तपासा. ज्या शाळांत वीज जाते-येते तिथे पहिल्या वर्षी संगणकाविना खेळता येणारे उपक्रम ठेवा. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातून निघालेलं असं साहित्य जगभर वापरलं जातं, आणि ते कोणत्याही बोलीत खेळता येतं.

साधनांचंही एक काम हाती घ्या. स्क्रॅच सत्तरहून अधिक भाषांत आहे. त्यात रापा नुई आहे, म्हणजे ईस्टर बेटावरच्या काही हजार लोकांची भाषा. जपानी तर दोनदा आहे, एकदा नेहमीच्या लिपीत आणि एकदा कांजी ही अवघड चिन्हं न येणाऱ्या लहान मुलांसाठी. नेदरलँड्समधल्या फेलियन हर्मान्स यांनी २०२० मध्ये सुरू केलेल्या हेडी या भाषेत तर आज्ञाच हिंदी, अरबी अशा भाषांत देता येतात आणि ती पायरीपायरीनं मुलांना पायथॉनकडे नेते. दोन्ही साधनं मुक्त आहेत. कुणीही भाषांतर करू शकतं. गोंडी आणि कोरकू बोलणाऱ्यांची संख्या लाखांत आहे. पुण्यातली आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था, आश्रमशाळांतली नववी-दहावीची मुलं आणि त्या भाषा बोलणारे शिक्षक एकत्र आले तर हे काम एका सुट्टीत सुरू होऊ शकेल. भाषांतर करताना त्या मुलांना आवर्तन आणि अट यांचा अर्थ जितका खोल कळेल तितका कुठल्याही स्वाध्यायातून कळणार नाही. गडचिरोलीत मोहगावला ग्रामसभांनी स्वतःच्या बळावर गोंडी माध्यमाची शाळा उभी केली. लोकांना हे हवं आहे आणि ते त्यासाठी झटायला तयार आहेत. शासनानं त्यांच्या पाठीशी उभं राहायला हवं.

आणि प्रशिक्षण. आमच्या शिक्षकांपैकी पुष्कळांना मुलांची घरची भाषा येत नाही. त्यांना ती आली पाहिजे असा माझा हट्ट नाही, जरी आली तर आनंदच आहे. मलाही पावरी पुरती बोलता येत नाही. पण मुलं आपल्या भाषेत बोलत असताना न घाबरता ऐकायचं, मग 'आता मला समजावून सांग' म्हणायचं, आणि मूल अडलं तर दुसऱ्या मुलाला दुभाषी करायचं, एवढं कौशल्य दोन दिवसांच्या प्रशिक्षणात नक्की शिकवता येतं. ते शिकवायला त्याच भागातले शिक्षक बोलवा.

शेवटची विनंती अशी. पुस्तकाचा मसुदा तयार झाला की तो अंतिम करण्याआधी धडगाव, धारणी आणि भामरागड इथल्या एकेका शाळेत चाचणीसाठी पाठवा. त्याबरोबर समितीतलं कुणीतरी स्वतः या आणि दिवसभर वर्गात बसा. मुलांनी कुठल्या पानावर काय विचारलं, कुठे थांबली, कुठे आपल्या भाषेत वाद घातला, याची नोंद करा आणि त्याप्रमाणे पानं बदला. आमच्याकडे येणार असाल तर जून-जुलैत घाटातल्या रस्त्यांचा भरवसा नसतो, म्हणून दिवाळीनंतरचे दिवस बरे. होळीच्या आसपास मात्र नको, तेव्हा मुलं गावी असतात. राहण्या-जेवणाची सोय आम्ही शिक्षक करू, आणि मुलांची तयारी वेगळी करून घेणार नाही.

आपली,
एक संगणक शिक्षिका
नंदुरबार जिल्हा